गालिच्याला नंबर आहे

टिळकवाडीतल्या त्या बंगल्याच्या फाटकाची कडी वाजली की व्हरांड्यातून आवाज यायचा, "कोण म्हणून आलाय?"

"कोण आहे?" असं नाही. "कोण म्हणून?"

मी त्या बंगल्याच्या मागच्या खोलीतली भाडेकरू. बोरगावहून बेळगावात शिकायला आले, शिक्षण संपलं, चळवळ संपली नाही, म्हणून तिथेच राहिले. पहिल्याच आठवड्यात नळाला पाणी येत नाही हे सांगायला गेले आणि प्रश्न आला. "भाडेकरू म्हणून," मी म्हटलं. घरमालकांनी, म्हणजे सरांनी, आत बोलावलं, चहा दिला, नळाचं ऐकून घेतलं. माणूस बरा दिसतोय असं वाटून मी पिशवीतून निवेदन काढलं. सरकारी कार्यालयांत मराठीतून कागद मिळावेत, एवढीच मागणी. म्हटलं, "सर, एक सही."

सरांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "तू भाडेकरू म्हणून आत आलीस. सही मागणारी वेगळी. बाहेर जा, कडी वाजव, ती म्हणून ये."

मला वाटलं थट्टा चाललीय. थट्टा नव्हती! साहेबांच्या दारात ठिय्या मारून बसणारी मी, मुकाट बाहेर गेले, कडी वाजवली, "कार्यकर्ती म्हणून" असं ओरडले आणि परत आत आले. सरांनी निवेदन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, दोन वाक्यं लांबली आहेत म्हणून सांगितलं आणि सही न करता परत दिलं. मी अर्धा राहिलेला चहा उचलायला गेले तर कप बाजूला सरकवून म्हणाले, "तो भाडेकरूचा."

अशा माणसाबद्दल मी का लिहितेय, ते शेवटी कळेल.

सर तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेले. तो फाटकावरचा प्रश्नही तिथलाच. कुठलीही वस्तू संगणकाला जोडली, की संगणक तिला आधी विचारतो, तू कोण? ती कीबोर्ड म्हणाली तर तिला कीबोर्डासारखं वागवतो, माऊस म्हणाली तर माऊससारखं. "सांगितल्याशिवाय आत घेत नाही," सर म्हणायचे. "माणसांनी एवढं तरी पाळावं." सख्खा भाऊ धारवाडहून आला तरी त्यालाही विचारायचे. तो बिचारा बॅग हातात धरून "भाऊ म्हणून रे, भाऊ म्हणून" असं रस्त्यावरून सांगायचा. एकदा तो जमिनीच्या वाटणीचं बोलायला लागला, तर त्यालाही बाहेर पाठवून परत बोलावलं, 'हिस्सेदार' म्हणून. मी खिडकीतून पाहिलंय.

दिवेलागणीला सर व्हरांड्यात बसत. पोथी ठेवायच्या लाकडी चौकटीवर एक जाडजूड बांधलेलं पुस्तक उघडायचं, चप्पल लांब काढून ठेवायची आणि मोठ्यानं वाचायचं. मध्येच थांबून स्वतःशी हसायचं. भाजी विकणारी आक्का टोपली खाली ठेवून फाटकातूनच हात जोडायची, कधी शेवंतीचं फूल आत टाकून जायची. मलाही बरेच दिवस वाटत होतं की म्हातारा पोथी वाचतोय. एका संध्याकाळी कपडे काढायला दोरीपाशी गेले आणि नीट ऐकू आलं.

"तीन, रणगाडा. चार, अंतराळयान. पाच, पाणबुडी."

मी कपडे तसेच टाकून व्हरांड्यात गेले. पोथी कसली! यूएसबीला जोडायच्या वस्तूंचं ते नियमांचं पुस्तक होतं. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी एकत्र बसून केलेलं. संगणकाला हाताळणारी कुठली वस्तू कुठल्या प्रकारची, त्या प्रत्येक प्रकाराला नंबर. कीबोर्डाला नंबर, माऊसला नंबर, इथपर्यंत ठीक. पण पुढे गोल्फच्या काठ्यांना एकेक वेगळा नंबर! आमच्या अख्ख्या बोरगावात गोल्फची काठी कुणी हातात धरलेली नाही, आणि इथे लोखंडी तोंडाची वेगळी, वाळूतून चेंडू काढायची वेगळी.

"अजून आहे," सर खुशीत येऊन म्हणाले. "दहा, हेलिकॉप्टर. बारा, सायकल. मधलं अकरा सांग."

"काय?"

"उडता गालिचा."

मला वाटलं मला वेडी बनवतायत. त्यांनी पुस्तक माझ्याकडे फिरवलं. इंग्रजीत स्वच्छ छापलं होतं. जादूचा गालिचा. हेलिकॉप्टरच्या खाली, सायकलच्या वर. त्या पानावर माफी नाही, खुलासा नाही, 'गंमत म्हणून' असा शब्द नाही.

"हे कुणी ठरवलं?"

"समितीनं."

"आणि सगळ्यांनी मान्य केलं?"

"नाहीतर छापलं कसं असतं?"

"सर, गालिचा उडत नाही!"

"म्हणून तर अजून कुणी बनवला नाही. पण उद्या कुणी बनवून आणलाच, आणि 'कोण म्हणून आलास' असं विचारलं, तर त्या बिचाऱ्यानं काय सांगायचं?"

मी हादरले होते. हे तज्ज्ञ! हे सूट घालून बैठकीला बसणारे लोक! आम्ही साधा रहिवासी दाखला मराठीत मागितला तर 'नियमात तरतूद नाही' असं ऐकून परत येतो, आणि या लोकांच्या नियमात गालिच्याची तरतूद! सरांना माझा चेहरा बघून आणखी चेव आला. त्यांनी दुसरं पान काढलं. कीबोर्ड कुठल्या देशाचा, हे सांगायची यादी. बेल्जियम आहे, हंगेरी आहे, तुर्कस्तान तर दोनदा आहे. आणि चौतीस नंबरला युगोस्लाव्हिया.

"तो देश कुठं आहे आता?" मी विचारलं.

"कुठंच नाही. मोडला. यादीत आहे."

"आणि भारत?"

सर हसायचे थांबले. "नाही."

बस्स. दुसऱ्या दिवशी मी पत्रक लिहिलं. लिहिताना माझा हात थांबला नाही. *उडत्या गालिच्याला नंबर! मोडलेल्या देशाला नंबर! मराठीला मात्र कुठेच नंबर नाही! आणखी किती सहन करणार?* छापून निपाणीच्या स्टँडवर स्वतः वाटलं. एका काकांनी उलटसुलट करून वाचलं आणि विचारलं, "बाई, गालिच्याचं दुकान कुठं काढलंय म्हणायचं?" दुसऱ्यानं सवलत किती टक्के ते विचारलं. लोकांना संतापायला लावणं किती अवघड असतं, हे स्टँडवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

उरलेला गठ्ठा घेऊन सरांकडे गेले, "कार्यकर्ती म्हणून." सरांनी पत्रक वाचलं आणि त्याच मंडळींची आणखी एक यादी काढली. वस्तूनं आपलं नाव कुठल्या भाषेत सांगायचं, त्या भाषांची. त्यात मराठी होती. स्वतःचा नंबर घेऊन, मानानं. आणि तिच्या थोडी वर कन्नड. दोघींच्या मध्ये मल्याळम आणि असमिया.

"हे छापायच्या आधी का नाही सांगितलंत?" मी अक्षरशः किंचाळले.

"विचारायला कोण आलं होतं? ती यादी देशांची. ही भाषांची. तू एक पान ऐकलंस आणि उठून गेलीस."

"पण तुम्हाला दिसत होतं मी काय करतेय!"

"मला वाटलं दोरीवरचे कपडे काढायला चाललीस." मग यादीवर बोट ठेवून म्हणाले, "बघ, मध्ये दोघींना बसवलं की भांडण होत नाही."

मला आजही राग येतो. माहिती असून गप्प बसणारा माणूस मला कळत नाही. आणि एक सांगून ठेवते, पत्रकातली एक ओळ चुकली. बाकीचा मजकूर आजही तसाच खरा आहे. मराठी कागद मागितला की खिडकीतला माणूस अजूनही छताकडे बघतो.

त्यानंतर मी त्या व्हरांड्यात पाय ठेवणार नव्हते. पण मामा पडला.

माझा मामा बेळगावातल्याच वडगावचा, विणकर. लहानपणापासून हातमागावर बसलेला, पुढे यंत्रमागावर गेला, आणि पन्नाशी उलटल्यावर संगणकावर साडीची नक्षी काढायला शिकला. माऊस धरायला शिकताना तो माऊस उचलून हवेत फिरवायचा, ते आम्ही हसत बघायचो. पण वर्षभरात त्याच्या काठावरचे मोर बघायला शहापूरचे लोक यायला लागले. कारखानदारानं त्याला मागांच्या शेडमध्ये काचेची खोली आणि फिरती खुर्ची दिली. त्या खुर्चीचा त्याला केवढा अभिमान! आणि एका सकाळी अंघोळ करताना उजवं अंग गेलं. बोलणं वाचलं, उजवा पाय ओढत का होईना चालायला लागला, पण उजवा हात लोंबकळतच राहिला.

नक्षी काढायला दोन हात लागतात. एक माऊसवर, दुसरा कीबोर्डावर, रंग बदलायला, चुकलेला धागा मागे घ्यायला. मामा सगळं एका डाव्या हातानं करायचा, म्हणजे माऊस सोडून कळ दाबायची, पुन्हा माऊस धरायचा. एका मोराला आठवडा लागायला लागला. कारखानदार वाईट माणूस नव्हता. त्यानं सांगितलं, दसऱ्यापर्यंत खुर्ची तुझी, मग मला इचलकरंजीहून पोरगा आणावा लागेल.

मी सरांच्या फाटकाशी गेले. कडी वाजवली.

"कोण म्हणून?"

"भाची म्हणून," मी म्हटलं.

सर उठून फाटकापर्यंत आले आणि स्वतः कडी काढली. असं त्यांनी कधीच केलं नव्हतं.

सगळं ऐकून म्हणाले, "डावा पाय कसा आहे?"

"चांगला आहे. उभा जन्म मागाखालच्या पट्ट्या दाबण्यात गेला."

"मग हात कशाला हवा?"

दोन दिवसांनी आम्ही वडगावात. सरांनी एक जुना कीबोर्ड आणला होता. मामाच्या खुर्चीखाली तिरका ठेवला, वायर जोडली. "ठेवा पाय."

मामानं चप्पल काढली, पाय उचलला आणि तसाच हवेत धरला. खाली वाकून बघितलं. कळांवर इंग्रजी अक्षरं, शेजारी कन्नडचे चिकटवलेले तुकडे.

"ह्येच्यावर पाय ठेवू?"

"हो, ठेवा की."

"अक्षरं हायत ती."

"मामा, मराठी नाहीत ती!" मी म्हटलं. "इंग्रजी हायत आणि कन्नड."

मामानं माझ्याकडे वळून बघितलं. "मग? ती अक्षरं न्हवं व्हय? पाटीला पाय लागला तर पाया पडायला कोण शिकवलं तुला? काढा ते, सर. न्हाय जमायचं."

खुर्ची चाललीय, दसरा तोंडावर, आणि हा माणूस कन्नडच्या तुकड्याला पाय लागू नये म्हणून अडून बसलाय! सरांना मात्र राग आला नाही. त्यांनी कीबोर्ड उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पिशवीत ठेवला.

पुढच्या खेपेला त्यांनी लाकडाच्या चार पट्ट्या करून आणल्या. मागाखाली असतात तशाच. तारा आत, वर नुसतं सागवान. मामाला बघूनच बरं वाटलं. पाय ठेवला, दाबला. नेमकी पडद्यावर नक्षीला नाव द्यायची चौकट उघडी होती. मामाचा पाय पट्टीवर, आणि चौकटीत अक्षर उमटायला लागलं, एकामागून एक तेच.

मामानं चटका बसल्यासारखा पाय घेतला. "आत अक्षरंच भरल्यात की ओ!"

"मामा!" माझा तोल गेला. "लाकूड आहे ते! तुझी खुर्ची जाईल! काय लावलंय तू हे?"

"जाऊ दे गेली तर. पायानं अक्षर लिहून मोर काढू व्हय मी?"

मी सरांकडे वळले, निदान शिकलेला माणूस तरी समजावेल म्हणून. तर सर खूश! डोळे चमकत होते. "बरोबर बोलतायत ते. ही वस्तू वरून लाकूड आहे, पण आत शिरताना 'कीबोर्ड म्हणून आले' असं सांगते. त्यांनी ओळखलं." मग मला म्हणाले, "तुझा मामा माझाच प्रश्न विचारतोय, आणि तू ओरडतेस?"

दोघं जण वेडे आहेत, अशी माझी त्या क्षणी खात्री झाली.

तिसऱ्यांदा सर आले ते पुस्तक घेऊन. शेडमध्ये मागांची खडखड चालू, आणि काचेच्या खोलीत लाकडी चौकट मांडून हा माणूस वाचायला बसला. मामा समोर, हात मांडीवर घेऊन. बाहेरचे विणकर धागा जोडता जोडता माना वळवून बघत होते.

"तुम्हीच निवडा," सर म्हणाले. "ही वस्तू काय म्हणून आत जाऊ दे? रणगाडा?"

"नगं. पोलिस यायचे."

"पाणबुडी?"

"पवायला येत न्हाय मला."

"पळायचा पट्टा आहे. जिममध्ये असतो तो."

"एक पाय ओढतोय, सर. पळू कुठं?"

"सायकल?"

मामानं जरा विचार केला. "सायकलीवरनंच पडलोतो ल्हानपणी. दुसरं काय हाय?"

सर थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, "गालिचा आहे एक. उडता."

मी कपाळावर हात मारला. पण मामा पुढे सरकला. "गालिचा? म्हंजे इणल्याला?"

"विणलेलाच."

"अक्षरं न्हाईत त्येच्यात?"

"एकसुद्धा नाही. आणि जगातली कुठलीच वस्तू आजवर गालिचा म्हणून आत गेलेली नाही असं दिसतंय. त्यामुळे संगणकातला कुठलाच प्रोग्राम तिचं ऐकत नाही. फक्त मी लिहिलेला छोटा प्रोग्राम ऐकेल. पट्टी दाबली की रंग बदलेल, दुसरी दाबली की धागा मागे येईल. अक्षराचा संबंध नाही."

"मग चालंल की," मामा म्हणाला. "इणल्यालं पाय ठेवायलाच असतंय. आमी आनि कशापायी इणतोय?"

एवढ्या मोठ्या नियमाच्या पुस्तकात विणलेली वस्तू मला ती एकच दिसली होती. आणि मी तिच्या विरोधात पत्रक काढलं होतं!

सरांनी आतली माहिती बदलून पट्ट्या परत जोडल्या, तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात छोटी पाटी आली. नवी वस्तू जोडली गेल्याची, इंग्रजीतली नेहमीची. पण वस्तूचं नाव मराठीत होतं. *उडता गालिचा.* त्या संगणकावर मी तोवर मराठी अक्षर पाहिलं नव्हतं. पाटी आली आणि गेली.

"भाषांच्या यादीतला तुझा मराठीचा नंबर वापरला," सर म्हणाले. "चौकशी कर, दुसऱ्या कुठल्या वस्तूनं मराठीत नाव सांगितलंय का ते."

मी वायर काढून परत जोडायला लावली, पाटी पुन्हा बघायला.

मामानं पाय ठेवला तर पट्ट्यांची फळी डुगडुगली. शेडची फरशी एका बाजूला खचलेली. सरांनी इकडेतिकडे बघितलं, माझ्या पिशवीतून एक कागद ओढला, त्याची घडी घातली आणि फळीखाली सारायला वाकले. माझं पत्रक!

"सर! मराठी आहे त्यावर!"

"म्हणून तर. तुझं पत्रक पहिल्यांदा कुठंतरी बसतंय."

पण माझ्या आधी मामाचा डावा हात पोचला होता. त्यानं सरांच्या हातातून पत्रक काढून घेतलं, घडी उलगडली, कपाळाला लावलं. वाचलं नाही. मागल्या भिंतीवर देवाच्या तसबिरीची फळी होती, तिच्यावर नेऊन ठेवायला मला सांगितलं. फळीखाली मागावर धागा नेणाऱ्या एका तुटक्या धोट्याचा तुकडा बसला. मग मामानं दोन्ही डोळे मिटून, मागावर बसताना टेकायचा तसा डावा हात पट्ट्यांना टेकला, कपाळाला लावला आणि पाय दाबला. पडद्यावरच्या मोराची मान हिरवी होती, ती जांभळी झाली.

"गालिच्या," मामा पट्ट्यांकडे बघून म्हणाला, "चल रं."

दसऱ्याला इचलकरंजीचा पोरगा आला नाही. खंडेनवमीला मागांबरोबर त्या चार पट्ट्यांनाही हळदकुंकू लागलं.

सर आता नाहीत. गेले तेव्हा भेटायला म्हणून मी टिळकवाडीत गेले आणि फाटकाशी सवयीनं थांबले, कडीला हात लावून. काय सांगायचं ते मी रस्त्यात ठरवत आले होते. भाडेकरू, कार्यकर्ती, भाची, काही ठरलं नव्हतं. फाटक उघडंच होतं. लोक येत होते, जात होते. कुणीच काही विचारलं नाही. सरांनी माझ्या निवेदनावर सही शेवटपर्यंत केली नाही, हेही इथे नोंदवून ठेवते.

मामाच्या शेडमध्ये मी अजून जाते. पत्रक तसबिरीशेजारी तसंच उभं आहे, कडा पिवळ्या पडल्यात. त्यातली ओळ चुकीची आहे, मला रोज खुपते, म्हणून एकदा पेन काढून ती खोडायला गेले, तर मामानं हात धरला. "अक्षर खोडू नये," म्हणाला.

म्हणून आजही, मराठीला कुठेच नंबर नाही असं सांगणाऱ्या, उडत्या गालिच्याचा निषेध करणाऱ्या माझ्या पत्रकाला सकाळी उदबत्ती दाखवली जाते. मग मामा खुर्चीत बसतो आणि चप्पल काढून गालिच्यावर पाय ठेवतो.